मुरूममामांची वाट

मुरूममामांना हायवे ओलांडायचा असला की ते सायकलवरून उतरत, दोन्हीकडे नीट बघत, सायकल उचलून खांद्यावर घेत आणि चालत पलीकडे जात. पलीकडच्या मातीत पाय पडला की सायकल खाली ठेवून दोन्ही टायरांकडे एक नजर टाकत आणि मगच टांग मारत. नागपूर-रायपूर रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांनी आयुष्यात बरंच काही बघितलेलं असतं. पण धोतर नेसलेला, सत्तरी ओलांडलेला माणूस चांगली चालती सायकल खांद्यावर घेऊन चाललेला बघून सडक अर्जुनीजवळ एका ट्रकनं करकचून ब्रेक मारलेला मी स्वतः पाहिला आहे. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून विचारलं, "बाबा, पंचर है क्या?"

मामा म्हणाले, "नाई गा. डांबर हाय."

डांबराला टायर लावायचा नाही, हा त्यांचा नेम होता. का, असं विचारलं की दर वेळी कारण वेगळं. एकदा म्हणाले, "डांबरानं टायर आळशी होते." दुसऱ्यांदा म्हणाले, "डांबरावर मानूस दिसते कोनाले? निस्तं हारन दिसते." मला वाटतं खरं कारण एवढंच होतं की त्यांना घाई आवडत नसे, आणि डांबरी रस्त्यावर घाई न करणाऱ्याला जागा नसते.

मुरूममामा म्हणजे माझ्या बायकोचे, वंदनाचे, सख्खे मामा. म्हणजे माझे मामेसासरे. मी त्यांना मामाजी म्हणत असे. सौंदडच्या अलीकडे त्यांचं गाव, गावाला लागून त्यांच्याच वाडवडिलांनी बांधलेला मोठा तलाव, आणि तलावाला लांबलचक पाळ, म्हणजे मातीचा बांध. गावानं त्यांना मुरूममामा हे नाव दिलं ते त्यांच्या कॅरिअरवरच्या चुंगडीमुळे. त्या पोत्यात टेकडीच्या खदानीतला लाल मुरूम भरलेला असायचा. वाटेत खड्डा दिसला की मामाजी उतरायचे, ओंजळ-दोन ओंजळी टाकायचे आणि त्यावर उभं राहून टाचेनं दाबायचे. "निस्तं टाकून नाई होत," ते म्हणायचे. "टाचेनं दाबा लागते."

आमच्या खानदानात माझ्या लग्नाचा विषय अजून निघतो, पण माझ्यामुळे नव्हे. नवरदेव कोण होता हे विसरलेली माणसं मला भेटली आहेत. मामा कुठे होते, हे मात्र कुणीच विसरलेलं नाही.

नवरीला बोहल्यावर आणायचं ते मामानं, अक्षता पडेपर्यंत तिच्या मागे उभं राहायचं तेही मामानं. माझ्या सासूबाई मामाजींच्या थोरल्या बहीण. ते त्यांना 'बाई' म्हणत. बाईंचं सासर पाळीच्या पलीकडच्या टोकाला. लग्न तिथंच होतं. बाईंनी भावासाठी जीप पाठवली. मामाजींनी जीपमध्ये मामींना, पोरांना, आहेराच्या ट्रंकेला बसवलं आणि ड्रायव्हरला सांगितलं, "तुमी जा डांबरानं फिरून. मी पाळीनं येतो. तुमच्या पयले पोचतो."

पोचलेही असते. पण आदल्या रात्री अवकाळी पाऊस झाला होता. पाळ मुरमाची, तिला काही झालं नाही. पाळ संपल्यावर बाईंच्या गावापर्यंत जी पांदण होती, ती काळ्या कन्हार मातीची. तिथं ती माती मडगार्डात अशी बसली की चाक फिरेना. मामाजींनी काडीनं माती काढली, चार पावलं गेले, पुन्हा चाक जाम. शेवटी सायकल खांद्यावर घेतली, तर स्वतःच गुडघ्यापर्यंत रुतले.

इकडे मुहूर्त कुणासाठी थांबत नाही. दूरच्या नात्यातले एक मामा मंडपात पान खात बसले होते, त्यांना पान थुंकायला लावून वंदनाच्या मागे उभं केलं. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. मी मुंडावळ्यांच्या आडून बघत होतो. माणूस दिसला नाही, मंडपाच्या दारात चिखलानं माखलेले दोन पाय तेवढे दिसले.

सासूबाईंनी भरल्या मंडपात विचारलं, "आता कायले आलास रे?"

"रस्ता खराब होता, बाई."

"रस्ता नाई, डोकं खराब हाय तुझं! पोरगी एकदाच बोहल्यावर चढते. तुले तुझी सायकल मोठी झाली?"

पाय धुवायला कुणी पाणी दिलं नाही, त्यांनी मागितलं नाही. वऱ्हाडाची पंगत बसायच्या आत ते त्याच पांदणीनं परत गेले. त्या दिवसापासून बहीण-भाऊ बोलेनासे झाले.

वंदनाचा राग तिसऱ्या महिन्यात गेला. ती मामांकडे जाई, आईकडे जाई, आणि दोघांच्या मधे माझी पोस्टाच्या डब्यासारखी गत होई. दोघंही एकमेकांची चौकशी करत नसत. मामाजी फक्त विचारत, "त्या आंगाले तलावात पानी कसं का हाय?" तलाव एकच. त्यांच्या दारातून जेवढा दिसतो तेवढाच पलीकडून दिसतो. पण मी सांगत असे, "पाणी बरं आहे मामाजी. गुडघे दुखतात थोडे." ते मान हलवत. सासूबाई विचारत, "ते सायकल अजून करकर करून रायली का?" मी म्हणत असे, "करते, पण खोकला कमी आहे." पाण्याचे गुडघे आणि सायकलीचा खोकला, अशी आमची भाषा वर्षानुवर्षं चालली.

पुढे माझी बदली सडक अर्जुनीला झाली. मी मूळचा गोंदियाचा. रिक्षा दाराशी येते म्हणून पायांचा उपयोग चपला घालण्यापुरताच ठेवलेला. व्हायचं तेच झालं. शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, चाला नाही तर सायकल चालवा. मी गोंदियाहून भारी गेरची सायकल आणली. तिला इतके गेर होते की ऑफिसात माझ्या टेबलाला तितके ड्रॉवर नव्हते. पहिल्या दिवशी हायवेवर निघालो आणि एक ट्रक शेजारून गेला, त्याच्या वाऱ्यानंच मी धाब्याच्या खाटेपर्यंत पोचलो. तिथं चहा घेतला आणि सायकल ऑटोत टाकून घरी आणली.

वंदना म्हणाली, "मामांकडे जा. ते शिकवतील."

"अगं, सायकल येते मला."

"सायकल येते. रस्ता येत नाही तुम्हाला."

मामाजींनी माझी सायकल चहूबाजूंनी न्याहाळली. मागच्या चाकाशी वाकून म्हणाले, "एवढे दात हायत जवाई, चावते का?" मग त्यांची ती काळी, जुनी, बिनागेरची सायकल काढली, चुंगडी कॅरिअरला बांधली आणि आम्ही निघालो. तेव्हापासून दर रविवार माझा त्यांच्या नावे झाला.

त्या वाटा मला तोवर माहीतच नव्हत्या. मी त्या तालुक्यात नोकरी करत होतो, नकाशा भिंतीवर होता, पण नकाशातल्या लाल रेघांच्या मधे काय असतं हे कधी बघितलं नव्हतं. तलावाची पाळ, तिथून नहराच्या काठाची मुरमाची वाट, मग जंगलाच्या कडेनं, मग पुन्हा एखाद्या बोडीची, म्हणजे छोट्या तळ्याची, पाळ. एका बाजूला धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, दुसऱ्या बाजूला मोहाची झाडं. मधे गवताची पट्टी आणि दोन्ही बाजूंना बैलगाडीनं घासून दिलेल्या दोन लाल चाकोऱ्या. एकीत ते, दुसरीत मी. कुठे हॉर्न नाही, धूर नाही. सकाळभरात समोरून येणारं सगळ्यात मोठं वाहन म्हणजे म्हैस. टायरखाली मुरूम करकरत राहतो आणि तेवढ्या एका आवाजावर माणूस कितीही दूर जाऊ शकतो. म्हणजे मामाजी जात. मी फार तर पुढच्या आंब्यापर्यंत जात असे, मग ते थांबत आणि माझ्याकडे न बघता म्हणत, "थांबू जरासे. मी दमलो." ते दमलेले मी कधीही पाहिले नाहीत.

एक नियम मात्र भारी पडायचा. नातेवाइकाच्या दारावरून सायकलवर बसून जायचं नाही. उतरायचं, ढकलत न्यायची, आणि दारातल्या माणसानं "या जी" म्हटलं की जायचंच. "सायकलवर बसून दारातून गेलो त मानूस मान वर करून पायते," ते म्हणायचे. "आपल्या मानसाले मान वर करा लावा लागते का?" आता त्या सगळ्या गावांत मामाजींचं कुणी ना कुणी होतंच. या घरी चहा, त्या घरी पोहे, पुढच्या घरी लाखोरीच्या डाळीचे वडे. "जवाई हायत," म्हणून माझ्या कपात साखर जरा जास्त. महिन्यानं रक्त तपासलं, तर शुगर वाढलेली. डॉक्टरांनी विचारलं, "सायकल चालवता ना?" मी म्हटलं, "मधे मधे."

या सगळ्यात एकच गाव येत नसे. पाळ संपली की सरळ बाईंच्या गावची पांदण. त्या गावातून गेलं असतं तर पलीकडची सगळी गावं हाकेवर. पण दारासमोरून जायचं म्हणजे उतरणं आलं, आणि उतरलं की बोलणं आलं. न उतरता जाणं त्यांच्यानं होणार नव्हतं. म्हणून मामाजी पाळीच्या टोकाला डावीकडे वळत, नहरानं जंगलाला वळसा घालत, आणि माझ्या मांड्या त्या जुन्या भांडणाची भरपाई करत.

त्या टोकाला ते दर वेळी म्हणत, "तुमी पुढं व्हा जवाई. मी आलोच." मी पुढे होई. बऱ्याच वेळानं ते मला गाठत. वयच तसं, म्हाताऱ्या माणसाला थांबावं लागत असेल, असा मी समजूतदार विचार करून कधी मागे वळून पाहिलं नाही. मला गाठत तेव्हा त्यांची चुंगडी रिकामी असे. तेही माझ्या लक्षात आलं होतं; फक्त माझ्या लक्षात आलेल्या गोष्टी डोक्यापर्यंत पोचायला वेळ लागतो.

एका रविवारी वंदनाचा उपास होता. मी शुगरची गोळी घेतली, नाश्ता राहिला, म्हटलं वाटेत कुणाकडे ना कुणाकडे पोहे आहेतच. पाळीच्या टोकाशी आलो आणि हात थरथरायला लागले. घाम सुटला. समोरचा तलाव एकदा डावीकडे गेला, एकदा उजवीकडे. मी सायकलसकट गवतावर बसलो.

"मामाजी, तुम्ही जा पुढे. मी बसतो जरा."

मामाजींनी माझं कपाळ बघितलं. पिशवी चाचपली, एरवी असणारा गूळ त्या दिवशी नव्हता. मग त्यांनी डावीकडे नहराच्या वाटेकडे बघितलं. पहिलं घर तिकडे फार लांब. मागे पाळीच्या त्या टोकाला त्यांचं स्वतःचं घर, तेही लांब. आणि समोर पांदण, पांदणीच्या शेवटी बाईंचं कौलारू घर, चुलीचा धूर दिसावा इतकं जवळ. ते तिकडे बघत उभे राहिले. मला तेवढ्या घेरीतही कळत होतं की हा माणूस आत्ता काय उचलून खांद्यावर घेतोय.

"चला," ते म्हणाले.

"नको मामाजी, माझ्यासाठी..."

"गप्प बसा जवाई."

त्यांनी चुंगडी सोडून खाली ठेवली, मला तिच्या जागी कॅरिअरवर बसवलं, माझी दातवाली सायकल पळसाच्या झुडपात लोटली आणि ढकलायला सुरुवात केली. चुंगडीच्या जागी चुंगडीच होती, जरा वजनदार. मी डोळे मिटून वाट बघत होतो की आता चाक रुतेल. लग्नापासून त्या पांदणीच्या चिखलाच्या इतक्या कथा ऐकल्या होत्या. चाक रुतलं नाही. खालून नुसती करकर येत होती. डोळे उघडले तर पांदण लालभडक, काठापासून काठापर्यंत मुरूम, टाचेनं दाबल्यासारखा घट्ट. मला वाटलं, सरकारी काम झालेलं दिसतं.

सासूबाई अंगणात धान वाळत घालत होत्या. त्यांनी वर बघितलं.

"अगं माय! जवाई बसून, अन हा ढकलून रायला? काय झालं?"

मामाजी अंगणाच्या बाहेरच थांबले आणि मला म्हणाले, "जवाई, बाईले सांगा, पयले साखर-पानी द्या म्हना."

"जवाई, त्याले म्हना, मले कळते ते," सासूबाई म्हणाल्या आणि आत पळाल्या. त्यांचे गुडघे दुखतात हे मी किती वर्षं सांगत आलो होतो, पण त्या दिवशी त्या पळाल्या.

साखरेचं पाणी पोटात गेलं, जग जागेवर आलं. मी पडवीत टेकून बसलो. मामाजी अजून बाहेरच, हँडल धरून उभे. सासूबाई रिकामा गिलास हातात घेऊन दारात आल्या आणि या वेळी त्यांनी मला मधे घेतलं नाही.

"इतके वर्स कायले लागले रे यायले?"

मामाजींनी टायराकडे बघितलं. "रस्ता खराब होता, बाई."

याच वाक्यावर मागे काय झालं होतं ते मी मुंडावळ्यांच्या आडून ऐकलं होतं.

"होता," सासूबाई म्हणाल्या. "आता झाला ना चांगला? चुंगडी चुंगडी करून? मी बांधीतून पाहून रायली होती. आंधळी नाई मी."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तू आला काऊन नाई?"

मामाजींनी जरा विचार केला. "अर्धा रायला होता."

मग सासूबाईंनी गडवा भरून आणला. "पाय धू," म्हणाल्या, आणि त्यांच्या हातात न देता स्वतः पाणी ओतायला लागल्या. कोरडा दिवस होता, मामाजींचे पाय स्वच्छ होते. तरी गडवा संपेपर्यंत त्या ओतत राहिल्या, आणि मामाजी एकावर एक पाय घासत राहिले, जणू मंडपातला तो चिखल अजून निघायचा होता. माझ्या शरीरानं आजवर कुणाचं भलं केलं असेल तर ते त्या सकाळी.

नंतर आमच्या रविवारांचा वळसा गेला. माझ्या मांड्यांनी आभार मानले. मामाजी पांदण सुरू होते तिथंच उतरत आणि सगळी पांदण ढकलत चालत. मी एकदा म्हटलं, "मामाजी, घर तर अजून लांब आहे." ते म्हणाले, "हे सगळी पांदण बाईचं दारच हाय." पडवीत दोघं भांडत बसत. तलावात कमळाची ढेस यंदा कमी का, वडील कुणाला जास्त रागवत, चहात आलं कुणी टाकायला सांगितलं. मामाजी जायला निघाले की सासूबाई दर वेळी म्हणत, "सांभाळून जा. रस्ता चांगला हाय म्हनून उडू नोको."

दोन हिवाळे असे गेले. तिसऱ्यात, धान कापून झाल्यावर, मामाजींच्या छातीत दुखलं. गोंदियाच्या दवाखान्यात वंदना त्यांच्याजवळ होती. तुझ्या मागे उभं राहायचं राहिलं ना गं, असं ते तिला म्हणाले नाहीत. असलं काही बोलणारा तो माणूस नव्हता. सायकल ओसरीत घ्यायला सांगा, दव पडते, एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

गोंदियापासून हायवेपर्यंत सगळं डांबरच. तेवढं अंतर त्यांना खांद्यावर आणणं आमच्या हातात नव्हतं. पुढेही गाडी डांबरानंच फिरून त्यांच्या गावी न्यायची, असं पुरुष मंडळींनी ठरवलं. तेवढ्यात सासूबाईंचा वंदनाला फोन आला. रडणं नाही, काही नाही. "त्याले फिरून नेऊ नका. माह्या दारावरून आना, पाळीनं न्या."

गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, "भैया, अंदर गाडी फँस गई तो?"

"नहीं फँसेगी," मी म्हटलं. कुठल्याही रस्त्याविषयी इतक्या खात्रीनं मी आयुष्यात पहिल्यांदा बोलत होतो.

मामाजींच्या गावची पोरं मोटरसायकली घेऊन हायवेवर आली होती. रांगेनं आम्ही बाईंच्या गावात शिरलो. घर दिसलं तशी सगळ्यात पुढची मोटरसायकल बंद झाली. पोरगा उतरला. मग मागचा, मग त्याच्या मागचा. कुणी कुणाला सांगितलं नाही. मीही गाडीतून उतरलो. सगळे आपापली गाडी ढकलत दारापर्यंत आले.

सासूबाई दारात उभ्या होत्या. गाडीच्या मागच्या काचेवर त्यांनी हात ठेवला.

"आजबी उशीर केलास रे," त्या म्हणाल्या.

या वेळी दोष रस्त्यावर ढकलता येत नव्हता.

मग त्या बाजूला झाल्या आणि गाडीमागे चालायला लागल्या. वंदनानं त्यांचा हात धरला. पांदणीत गाडी पाळण्यासारखी चालली. मी ड्रायव्हरच्या खिडकीजवळून चालत होतो. तो खाली चाकाकडे बघून हलकेच म्हणाला, "रास्ता तो बढ़िया है. किसने बनाया?"

मी गाडीच्या मागच्या बाजूकडे बोट दाखवलं.

त्यांची सायकल आता माझ्याकडे आहे; मामींनीच दिली. दातवाली मी विकून टाकली. हायवे ओलांडताना ही खांद्यावर घ्यायचा प्रयत्न एकदा केला, तर पाठ धरली. तेव्हापासून ढकलतच नेतो आणि टायर थोडा आळशी झाला असेल तर मनात माफी मागतो. कॅरिअरवर चुंगडी असते, अर्धीच. पूर्ण मला पेलत नाही. पावसाळ्यानं पांदणीत खड्डे पाडले की रविवारी जाऊन भरतो.

परवा असाच एक भरत होतो. मुरूम ओतला, हात झटकले, सायकल उचलली. शेजारच्या बांधीतून सासूबाईंचा आवाज आला. किती वेळ तिथं उभ्या होत्या कोण जाणे.

"जवाई, निस्तं टाकून नाई होत. टाचेनं दाबा."